टपावरची बाजरी

आमच्या तिसगावात घरावर कौलं नसत. घराला धाबं असे: आडवी लाकडं, लाकडांवर पाचट आणि पाचटावर हातभर पांढरी माती. आमच्याकडचा पाऊस इतका भिडस्त, की त्या मातीतून आत यायची त्याची छाती होत नसे. त्यामुळे बहात्तर साली दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या ट्रकवर राहतं घर बांधायला घेतलं आणि त्यालाही धाबंच घातलं, तेव्हा गावात कुणालाच ते वावगं वाटलं नाही. हा ट्रक हंगामात कोपरगावकडे ऊस वाहायचा आणि पावसाळ्यात आमच्या दारात उभा राहून कोंबड्यांना सावली द्यायचा.

हे सगळं आत्यासाठी. दादांची ही एकुलती एक बहीण थेट कोकणात, समुद्राच्या काठी दिलेली. लग्नाला दहा-बारा वर्षं होऊन गेली, पण नागपंचमीला ती एकदाही माहेरी आली नव्हती. दरवर्षी तिच्या सासऱ्यांचा निरोप ठरलेला: "तुमच्या मुलखात पाणी नाही. सून काय तहानेनं मारायला पाठवू?" त्या साली तर मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. निरोपाला उत्तर द्यायलाही तोंड उरलं नाही. दादांनी मिशीला पीळ दिला.

"औंदा तिला आननार म्हंजी आननार. आख्खं घर घिऊन दारात हुबा ऱ्हातो, मंग कसं न्हाई म्हन्तो म्हातारा ते बघतो."

"घराला चूल लागती," आई म्हणाली.

चूल घातली.

"आन् उंबरा?"

उंबराही बसवला. आईनं त्यावर हळदीकुंकू वाहिलं, शिडीपाशी तुळशीचा डबा बांधला आणि मगच आत पाऊल टाकलं. धाब्याच्या चिखलात भुस्कट कालवायचं असतं, ते खळ्यावरून बाजरीचं आणलं. ट्रक निघाला तेव्हा मातीच्या वजनानं असा दबला होता, की रस्त्यातली गोगलगाय आम्हाला मागं टाकून गेली आणि वळणावर आमची वाट बघत थांबली.

घाटात शिरलो आणि ढग ट्रकमध्ये येऊन बसले. तिथला पाऊस वरून पडायचा, खालून उडायचा, बाजूनं घुसायचा आणि मधेच दम खायला थांबला तर झाडं त्याच्या वतीनं पडत राहायची. जंगल इतकं दाट, की भर दुपारी दिवे लावावे लागले. झाडावर झाड, त्यावर शेवाळ, शेवाळावर नेचे! दादा चहाला जरा थांबले तेवढ्यात मागच्या टायरला पालवी फुटली. धाकट्या भावाच्या पोटरीला जळू लागली. ती सुटेपर्यंत तो काडी झाला होता आणि जळू घागरीएवढी.

धाब्यानं एक रात्र टिकाव धरला. दुसऱ्या दिवसापासून खीर गळायला लागली. पांढऱ्या मातीची खीर! भाकरीवर, अंथरुणावर, आईच्या भांगात. आम्ही सगळे साच्यातून नुकत्याच काढलेल्या गणपतींसारखे दिसत होतो.

"पांढरी थंड असती," दादा म्हणाले. "अंगाला बरी."

"व्हय, आन् डोक्याला बी," आई म्हणाली. "तुमी जरा जास्त लावा."

समुद्र दिसला तेव्हा आई चूल सोडून उंबऱ्यावर आली. तिनं विचारलं, "एवढं पानी! ह्याचा मालक कोन म्हनायचा?" भावानं ओंजळभर पिऊन पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. दादा हरखले. "खारट हाय! पोरांनो, म्हाताऱ्याला उत्तर घावलं!"

वाट कुणाला विचारणं दादांच्या स्वभावात नव्हतं. समुद्र उजव्या हाताला ठेवला की बहिणीचं गाव येतं, एवढा त्यांचा नकाशा. पण कोकणात समुद्र खाडी होऊन जमिनीत घुसतो, आणि प्रत्येक खाडीला आम्ही आतपर्यंत वळसा घालून परत किनाऱ्याला यायचो. पाच-सहा दिवस नारळी, केवड्याची बनं आणि चिखल हिंडलो. कोळणींनी आईला ताजे मासे दिले, आईनं त्यांना पांढरट भाकऱ्या दिल्या. कोण फसलं ते माहीत नाही.

शेवटी आत्याचं अंगण आलं. सासरे डोक्यावर इरलं घेऊन उभे. उंच, किडकिडीत, पान चघळणारे.

"पाहुणे, हा काय गोठा आणलात?"

"न्याया आलोय बहिनीला. पान्याचं म्हनाल तर तुमचं बी खारटच की!"

सासऱ्यांनी बोट दाखवलं. मागं काठोकाठ भरलेली विहीर, पुढं ओहोळ, पागोळ्यांखाली भरून वाहणारी पिंपं. दादांचं पाठ केलेलं उत्तर तिथंच वाहून गेलं.

एवढ्यात सासऱ्यांची नजर टपाकडे गेली. ते शिडीनं वर चढले. "हे हिरवं काय?"

भुस्कटातले दाणे त्या पावसात रुजून वीतभर वर आले होते.

"बाजरी हाय," दादा म्हणाले.

म्हातारा इतका हसला की पान गिळलं गेलं. "टपावर पिकवता, मग शेतातलं भरायला तर कणग्याही पुरत नसतील!"

इथं दादा फुशारकी मारणार, याबद्दल आम्हाला शंका नव्हती. पण ते खाली बघून म्हणाले, "शेतात एक कोंब न्हाई. माती हीच, पन पाऊस न्हाई. टिपाडानं पानी आनतो चार मैलांवरनं. तुमचा निरोप खराच हाय, पाव्हनं."

आत्या दारात उभी होती. पदर सावरून म्हणाली, "मामंजी, एवढ्या पाण्यात राहून मला इतकी वर्षं तहान लागलीय, ती कुठली मग?"

सासरे टपावरच बसून राहिले, पावसात, बाजरीच्या मधोमध. मग म्हणाले, "जा. पण मीही येणार. डोळ्यांनी बघणार."

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही तिसगावात शिरलो. इथं पाणी नाही म्हणणारा पाहुणा आलाय, ही बातमी ट्रकच्या आधी पोचली होती. पंचमीच्या सकाळपासून म्हाताऱ्याला घरोघर चहाचं बोलावणं. नाही म्हटलं तर माणसं रुसायची. घरच्यांच्या वाटणीचं पाणी राखून हे आधण ठेवलं होतं, याचा पाहुण्याला कुणी पत्ता लागू दिला नाही. प्रत्येक घरी तांब्याभर पाणी, वर चहा, आणि "आनखी घ्या की पाव्हनं, पान्याला काय तोटा!" दुपारपर्यंत त्यांच्या पोटात आमच्या आटलेल्या तलावापेक्षा जास्त साठा झाला होता.

लिंबाखाली आत्या झोका घेत होती. म्हातारा पोट धरून तिथवर आला. "सूनबाई, यांना सांग. इथं पाणी आहे, असं मी लिहून देतो. पण आता कपबशी दाखवू नका."

"आणि दर पंचमीला पाठवाल?"

"पाठवीन, पाठवीन!"

आत्यानं झोका आणखी उंच नेला.