एमिग्रंट मालुबाई, इमिग्रंट दुर्गाबाई

नंदगडच्या शाळेत मास्तरकी करताना मला माझ्या इंग्रजीचा भारी माज होता. गावात कुणाला इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा आणि मी मिशीला पीळ देत वाचायचो. १९२९ साली या माजापायी मी एका बाईला तुरुंगाच्या दारात नेऊन उभे केले.

मालुबाई आमच्या नंदगडची लेक, दिली जांबोटीला. तिचा नवरा नागोजी सुतार पाच वर्षांपूर्वी आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेच्या कामावर गेला होता. आता त्याने तिला बोलावले होते. ती माहेरी आली तेव्हा तिच्या बापाच्या ओसरीवर बसून मी पासपोर्टचा अर्ज भरला. वर दोन शब्दही ऐटीत शिकवले. "इथून देश सोडून निघालीस की इथलं सरकार तुला एमिग्रंट म्हणणार. तिथं राहायला उतरलीस की तिथलं सरकार म्हणणार इमिग्रंट. बाई तीच, उंबरे दोन."

"म्हंजे लगीन झाल्यागतच की वो," ती हसली.

मग मी नाव विचारले. माहेरच्या ओसरीवर ती दुसरे कोणते नाव सांगणार? मालुबाई म्हणाली. मीही तिला परकरात होती तेव्हापासून मालूच म्हणायचो. तेच लिहिले.

पंधरा दिवसांनी बेळगावच्या कचेरीतून आम्हा दोघांना बोलावणे आले. कारकुनाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. नागोजीने मोंबासाहून लिहून पाठवले होते, पत्नीचे नाव दुर्गाबाई. आमच्याकडे लग्नात सासरचे लोक नवरीचे नाव बदलतात, हे मी घाईघाईने सांगितले.

"भलत्याच नावानं बायका परदेशी नेतात, आम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "परवा अकराच्या आत सासरचं माणूस आणा. नाहीतर प्रकरण पोलिसांकडे. अर्ज भरणाराही सुटणार नाही."

मला नोकरी दिसेना, बायकापोरे दिसू लागली.

"मास्तर, मला आत घालत्यात काय वो?" मालुबाईने विचारले.

"नाही गं," मी म्हणालो आणि तिला घेऊन बाहेर पडलो.

सासरचे माणूस म्हणजे एकटी सासू, यशोदाबाई. मुलगा गेला तो गेलाच, आता सूनही निघाली म्हणून तिने महिनाभर अबोला धरलेला. 'ही बाई कोण ते मला माहीत नाही,' एवढे ती कचेरीत म्हणाली की सून कायमची घरात राहणार होती. मी जांबोटीला जाऊन हात जोडले. तिने सगळे ऐकले आणि उठून गोठ्यात निघून गेली.

ठरल्या दिवशी कचेरीत साडेदहा वाजले तरी कुणी नाही. मालुबाईने पदराचे टोक दातात धरले होते.  पावणेअकराला यशोदाबाई आली, पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"हिला ओळखता?" कारकुनाने विचारले.

म्हातारी सुनेकडे बघत राहिली. किती वेळ बघावे?  मालुबाईने डोळे मिटून घेतले.

"ही माझी सून दुर्गा," यशोदाबाई म्हणाली. "नाव मीच ठेवलंय. लेकानं बलावलंय, जाऊ द्या तिला." आणि तिने कागदावर अंगठा उठवला.

बाहेर आल्यावर सून तिच्या पायांवर पडून हमसून हमसून रडली. म्हातारीने तिला उठवले आणि मला विचारले, "मास्तर, जाणारीला एक शब्द हाय, पोचणारीला एक हाय म्हणं. मागं ऱ्हाणारीला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

मला सांगता आले नाही. तेव्हा लाज वाटली, आजही वाटते.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोरांची पत्रं तेवढी वाचून दावा."

मोंबासाहून पत्रे येत राहिली आणि मी जांबोटीला जाऊन वाचत राहिलो. खाली 'तुमची दुर्गा' असायचे. तेवढे ती मला दोनदा वाचायला लावायची.