झाकण घट्ट, आंबिवली दूर

लोक प्रवासवर्णनं लिहितात ती काश्मीरची, केरळची, झालंच तर लंडनची. मी लिहिते आहे ठाणे ते आंबिवली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला हा रस्ता चांगल्या गाडीने सकाळच्या चहानंतर निघून पोह्यांच्या वेळेला संपायचा. आम्ही चांगल्या गाडीने निघालो नव्हतो.

गाडी बापूमामाची. मामा ठाण्याच्या कोर्टातून निवृत्त झालेला विधुर. मामी गेल्यावर त्याने एक जुनी विलायती गाडी भंगारातून उचलली आणि काही वर्षं तिच्याखाली झोपून काढली. आता ती गर्द हिरवी चकचकीत झाली होती, आणि मामाला तिच्यातून आंबिवलीला स्थळ बघायला जायचं होतं. वसुधाबाई तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामाबरोबर घरची बाई हवी, पण आईने त्या गाडीत बसायला साफ नकार दिला. म्हणून बँकेतल्या नोकरीतला माझा एकुलता रविवार कामी आला.

आईने मामाला आधीच सुनावलं होतं, "तुझ्या त्या डब्यात पेट्रोलचा वास मारतो. बाई दारातूनच परत जाईल." मामाने ते मनाला लावून घेतलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला त्याने जाड रबरी चकती बसवली. झाकणावर एक बारीक भोक होतं, ते गंजाने पडलं असं समजून त्यात लांबी (रंगारी खळगे बुजवायला वापरतात तो लगदा) भरली.

"आता हुंगून बघ," खोपटहून निघताना तो म्हणाला. पेट्रोलचा वास खरंच नव्हता. मामालाच अत्तराचा भयंकर येत होता.

कळवा मागे पडलं आणि मुंब्र्याच्या डोंगराखाली गाडीने दोन आचके दिले, मग गप्प झाली. मामाने बॉनेट उघडलं, तारा हलवल्या, देवाचं आणि विलायतेचं नाव घेतलं. काही होईना. शेवटी पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण उघडलं, तेव्हा फुस्स आवाज झाला. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावून चावी फिरवली तर गाडी सुरू!

"तार सैल होती," मामा म्हणाला.

शीळफाट्याला पुन्हा तेच. तिथे एक बाई टोपलीत ताडगोळे घेऊन बसल्या होत्या. त्या उठून जवळ आल्या. "काय झाला गो? गारी बंद परली?"

"हो ना. आंबिवलीला मुलगी बघायला चाललोय."

त्यांनी मामाला खालपासून वर न्याहाळलं. "यो नवरा हाय का नवऱ्याचा बाप?"

मामा बॉनेटमध्ये आणखी खोल गेला. मी ताडगोळे खाल्ले. गार, पाणीदार आणि त्या दिवसातली एकमेव वेळेवर मिळालेली गोष्ट. अर्ध्या तासाने मामाने पुन्हा टाकी तपासली, पुन्हा फुस्स, आणि आम्ही निघालो.

डोंबिवलीच्या बाहेर मानपाड्याला गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. मामाच्या पांढऱ्या शर्टावर आता काळा पंजा उमटला होता. मी म्हटलं, "मामा, रिक्षा करू या."

तो बंपरवर बसला. "दोन ठिकाणी नकार आलाय गं. आज नाही म्हणाली तर मी पुन्हा कुणासमोर जाऊन बसणार नाही." एवढंच बोलून तो उठला आणि पुन्हा तारा चाचपू लागला. सकाळपासून त्याची टर उडवत होते, ती तिथे थांबवली. मी पदर खोचला आणि ढकलायला लागले. गाडी सुरू झाली ती मात्र मामाने पुन्हा टाकी उघडून बघितल्यावरच.

कल्याणला आणखी एकदा बंद पडून, फुस्स करून आंबिवलीत पोहोचलो, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दारात वसुधाबाईंचे थोरले भाऊ उभे होते. "पोहे दोनदा गरम केले," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा करायची आमच्यात पद्धत नाही."

मामा शर्टावरचा काळा पंजा हाताने झाकू लागला. मग मीच सगळी हकीकत सांगितली, फुस्ससकट. वसुधाबाई पाण्याचा तांब्या तसाच धरून ऐकत होत्या.

"दर वेळी टाकी उघडल्यावरच सुरू झाली?"

"हो," मी म्हटलं.

"झाकण दाखवा."

त्या चपला घालून बाहेर आल्या. मामाने अभिमानाने नवी चकती दाखवली, बुजवलेलं भोकही दाखवलं. वसुधाबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, तेलाचा डबा फोडताना दोन भोकं का पाडतो आपण? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. तुम्ही हवेची वाटच बुजवलीत. पेट्रोल इंजिनाकडे येणार कसं?"

कोर्टात आयुष्य काढलेल्या मामाने तिथल्या तिथे गुन्हा कबूल केला, "भोक मीच बुजवलं."

"दादा, स्टोच्या पिना आणा," त्या म्हणाल्या. पहिली पिन वाकली, दुसरी मोडली. लांबी दगडासारखी वाळली होती. तिसरी पिन मामाने पक्कडीत धरली, बाईंनी झाकण धरलं, आणि एकदाचं भोक मोकळं झालं.

"चालवून बघू," म्हणत त्या सरळ पुढच्या सीटवर बसल्या. भाऊ मागे माझ्या शेजारी, पोह्यांचा अपमान चेहऱ्यावर घेऊन. उल्हास नदीपर्यंत गेलो. म्हशी पाण्यात बसल्या होत्या. तिथून वळलो आणि न थांबता परत आलो. थोडा वास येत होता. वसुधाबाईंनी काच खाली केली, एवढंच.

निघताना मामाने चाचरत विचारलं, "मग... ठाण्याला कधी येताय? मी गाडी घेऊन येईन."

"गाडी नको," वसुधाबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी एसटीने खोपटला उतरेन. एकटीच. तुम्ही चालत या घ्यायला."

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही बंद पडली नाही. मला वाटलं, वेळेवर पोहोचलो असतो तर तो खुर्चीत ताठ बसून पेन्शनचा आकडा सांगून आला असता, आणि तिसरा नकार घेऊन. घामेजलेला, घाबरलेला, पक्कडीत पिन धरलेला मामा त्यांना दिसला, ते बरंच झालं. तोच खरा होता.

पुढच्या रविवारी सकाळी मी भाजी आणायला निघाले, तर मामा खोपटच्या डेपोवर उभा. मी विचारलं, "कितीच्या बसने येणारेत?"

"विचारायचं राहिलं," तो म्हणाला, आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक एसटीच्या खिडक्या बघत राहिला.