हिऱ्यांमधला गंज

गंज दाबायला हिरे लागतात, असं मी घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापायची थांबली.

"गंज घासून काढतेत माय, दाबतेत कशाला?"

वडील वाळूजच्या एका लहान वर्कशॉपात टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवायचे. लोखंडावर गंज चढू नये म्हणून आयुष्यभर तेल लावत आलेला माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "किती दाब?"

"हवेच्या दाबाच्या पाच लाख पट."

"एवढा तर आमच्या प्रेसमधी बी नाय," ते म्हणाले आणि जेवायला लागले. हा माझा विषय घरात मंजूर झाल्याचा ठराव होता. आम्ही मूळचे पिशोर गावचे, शहरात उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहणारे. पीएच.डी. म्हणजे नेमकं काय हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यातलं काय अशक्य आहे हेही कुणी सांगितलं नाही.

ते सांगायचं काम शहरातल्या ज्या संस्थेत मी संशोधन करायला गेले, तिथल्या समितीनं केलं. मी फळ्यावर मांडणी केली. लाल गंज आणि हेमेटाइट हे खनिज, दोन्ही लोखंड आणि ऑक्सिजनचंच संयुग. त्यात लोखंडाचा प्रत्येक अणू सहा ऑक्सिजननी वेढलेला असतो आणि त्याचे इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकलेले असतात, म्हणून त्यातून वीज नीट वाहत नाही. प्रचंड दाब दिला की अणूंची मांडणी एका क्षणी खचते, एकेकटे बसलेले इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं बसतात, चुंबकपणा जातो आणि तेच हेमेटाइट धातूसारखी वीज वाहू देतं. मला ते मोजायचं होतं.

समितीतले ज्येष्ठ सदस्य शांतपणे म्हणाले, "हे काम परदेशात होतं. तू कॉम्प्युटरवर गणित मांड, नाहीतर नॅनोचं काही घे. लवकर मोकळी होशील."

"मला मोकळं व्हायचं नाहीये सर," मी म्हणाले. "दाबाचं यंत्र आपल्याच कपाटात पडून आहे. ते कशासाठी आणलं होतं?"

 माझ्या मार्गदर्शक सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "एक वर्ष देतो."

ते यंत्र मुठीत मावायचं. आत दोन हिरे, टोकाला टोक लावून. मध्ये स्टीलचा पातळ पत्रा, पत्र्याच्या मधोमध केसाच्या जाडीचं छिद्र. त्या छिद्रात हेमेटाइटची पूड, दाब कळावा म्हणून माणकाचा एक कण आणि विजेसाठी केसाहून बारीक चार तारा. मग स्क्रू पिळत जायचे. पहिल्यांदा मी छिद्र संस्थेतल्या ड्रिलनं पाडलं. दाब वाढला तसं ते छिद्र एका बाजूला सरकत गेलं आणि टच् असा आवाज आला. हिऱ्याला आरपार तडा गेला होता.

दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या विभागात पोचली. ते ज्येष्ठ सदस्य जिन्यात भेटले. "म्हणून सांगत होतो," एवढंच बोलले. सरांनी उरलेल्या हिऱ्यांची एकमेव जोडी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. "गणिताकडे वळ आता."

मी तो वाया गेलेला पत्रा डबीत घालून घरी नेला. वडिलांनी डोळ्याला भिंग लावून तो उजेडाकडं धरला.

"भोक मधोमध नाय. कडा बी फाटलीय. ड्रिलचं कामच नाय ह्ये. स्पार्कनं पाडावं लागतं."

"तुमच्याकडं होईल?"

"मालकाला इचारतो."

मालक हो म्हणाले. आठवडी सुट्टीच्या दिवशी आम्ही बापलेक मोटारसायकलवर वाळूजला गेलो. वडिलांनी टंगस्टनची तार घासून घासून सुईच्या टोकाहून बारीक केली. पत्रा स्पार्क मशीनच्या तेलात बुडवला. तार खाली आली की तेलात निळ्या ठिणग्या उडत आणि धातू कणाकणानं झिजत जाई. पहिल्या तारा वाकल्या. वडील चिडले नाहीत, नवी तार घासायला बसले. दुपार टळली तेव्हा मायक्रोस्कोपखाली एक छिद्र दिसलं, गोल, बरोबर मध्यावर. मी दोन्ही छिद्रांचे फोटो काढले, ड्रिलचं आणि स्पार्कचं, आणि दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी दोन्ही फोटो बघितले. मग किल्ली पुढे सरकवली.

या वेळी हिरे टिकले. दाब वाढवत गेले आणि अपेक्षेच्या निम्म्याच दाबाला विजेचा रोध धाडकन खाली आला. सर खुर्चीवरून उठले.

"एवढ्या कमी दाबाला हे कुणालाच दिसलेलं नाही. पेपर लिहायला घे."

मला मात्र आनंद होईना. स्टीलच्या पत्र्यापासून तारा अलग राहाव्यात म्हणून मध्ये पांढऱ्या पुडीचा थर असतो. तो फुटला तर वीज हेमेटाइटमधून न जाता सरळ पत्र्यातून जाते. मी दाब हळूहळू उतरवला. रोध परत वर यायला हवा होता. आला नाही.

"तार पत्र्याला टेकलीय सर."

"किंवा नवी रचना तशीच टिकली असेल. असंही होतं."

होतं, हे खरं होतं. म्हणून मी यंत्र उघडून बघितलं. थर तडकला होता आणि एक तार पत्र्यावर दबून चपटी झाली होती. सरांना दाखवलं.

"हे कोण बघायला येणार आहे?" ते म्हणाले.

"मी बघितलंय."

"वरून रोज विचारणा होते मला, पेपर कुठाय म्हणून. तुला ते कळत नाही."

"कळतं सर. पण या आकड्यांवर पेपर जाणार नाही. पाठवलात तर हे चुकीचे आहेत असं मी स्वतः जर्नलला लिहून कळवीन."

 सर बाहेर निघून गेले. त्यानंतर कितीतरी आठवडे त्यांनी माझ्याशी बोलणं टाळलं. माझा प्रगती अहवाल सहीविना त्यांच्या टेबलावर पडून राहिला. विभागात मैत्रिणी म्हणायच्या, जाऊन माफी माग. कसली माफी मागायची, ते कुणालाच सांगता येईना. मीही गेले नाही. रोज वेळेवर येत होते, प्रयोगशाळा झाडत होते आणि त्या पांढऱ्या पुडीचा थर कसा दाबला तर फुटत नाही, एवढंच बघत होते. हिरे अजून माझ्या ताब्यात होते आणि ते कुणी परत मागितले नव्हते.

थर जमला, तसं वडिलांनी पुन्हा छिद्रं पाडून दिली. या खेपेला मी घाई केली नाही. स्क्रू जरासा पिळायचा, थांबायचं, माणकाच्या प्रकाशाचा रंग किती सरकला ते मोजून दाब काढायचा, मग रोध टिपायचा. काही दिवस असेच गेले. रोध सावकाश उतरत राहिला. मग जगभर ज्या दाबाला हे दिसलंय, त्याच्या आसपास पोचल्यावर तो एकदम कोसळला. मी उठले नाही, कुणाला हाकही मारली नाही. दाब उतरवायला घेतला. रोध वर चढू लागला. तेव्हा कुठं मी पाणी प्यायले.

सर आले, आलेख बघितला. "परत एकदा कर," म्हणाले. केलं. तेच आलं. त्यांनी अहवालावर सही केली आणि म्हणाले, "तो चुकलेला प्रयोग प्रबंधात घालू नकोस. उगाच प्रश्न येतील."

मी त्यावर पूर्ण प्रकरण लिहिलं, चपट्या तारेच्या फोटोसकट.

प्रश्न आलेच. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी विचारलं, "हा बदल तर आधीपासून माहीत आहे. यात तुमचं काय?"

"मापन माझं आहे," मी म्हणाले. "आणि ते कुठं फसतं, तेही माझं आहे."

त्यांनी पानं उलटली, त्या फोटोपाशी थांबले आणि तो आपल्या विद्यार्थ्यांसाठी मिळेल का म्हणून विचारलं. सर माझ्याकडं बघून किंचित हसले. आमच्यात समेट झाला म्हणायचा, तर तो तेवढाच.

प्रबंधाच्या आभारांच्या पानावर, शास्त्रज्ञांच्या ओळीत, मी वडिलांचं नाव हुद्द्यासकट घातलं होतं, स्पार्क मशीनवर छिद्रं पाडून दिल्याबद्दल. कार्यालयातल्या बाईंनी घरच्यांसाठी खाली वेगळा परिच्छेद करायला सांगितला होता. मी नाव हलवलं नाही. बांधून आलेली प्रत घरी नेली तेव्हा वडिलांनी हात धुतले, चष्मा लावला आणि ते इंग्रजी पान अक्षर अक्षर लावत वाचलं. नंतर बोट ठेवून म्हणाले, "इथं चुकलंय तुझं."

"काय चुकलंय?"

"मशीनला नुसतं स्पार्क मशीन नाय लिहीत. ईडीएम म्हणतेत त्याला. एवढी शिकली अन् मशीनचं नाव नीट लिहिता येईना व्हय?"

मी टेबलावरचं पेन घेतलं आणि छापील पानावर, त्यांच्यादेखत, दुरुस्ती केली.