यात भिडू नसतो

विघ्नहर्त्या गजाननाला आणि कोकणातल्या आमच्या कुलस्वामिनीला वंदन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे, की परवा माझ्या धाकट्या भावाचे वर्षश्राद्ध आहे. त्याची मुलगी लग्नानंतर दादरला असते. काल ती दर्भ, काळे तीळ आणि पत्रावळी घेऊन गिरगावात आली. सामान ठेवण्यासाठी तिने देव्हाऱ्याखालचे कपाट उघडले, तेव्हा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. आत पत्त्यांचा कॅट, ओंजळभर चिंचोके आणि माझ्या अक्षरातली एक वही होती. वहीवर 'पोकरचे शब्द' असे लिहिलेले पाहून तिने वहीची पाने चाळली. मग म्हणाली, की काका, हे जरा समजेल असे लिहून काढा, माझ्या मुलांना पत्त्यांतले काहीच येत नाही.

म्हणून हे लेखन. ज्यांना माझ्याप्रमाणे केवळ मेंढीकोट ठाऊक आहे, त्यांच्यासाठी आहे. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. समजावून सांगणे एवढेच मला येते, आणि सध्या तेवढेच करावेसे वाटते.

आमच्या चाळीत गोकुळाष्टमीच्या उपवासाला दुपारपासून गॅलरीत चटया पडत आणि मेंढीकोट रंगे. चार माणसे, दोन जोड्या. आपला भिडू आपल्या शेजारी बसत नाही, समोर बसतो. साठ वर्षे माझ्यासमोर माझा भाऊ बसला. त्याने चुकीचे पान टाकले की मी त्याला सर्वांदेखत बोलत असे. तो हसून म्हणे, "दादा, वर्ग सुटलाय."

पोकर तो विमा कचेरीत नोकरीला असताना शिकला. निवृत्तीनंतर दर रविवारी तीन जुन्या सहकाऱ्यांबरोबर खेळावयास दादरला जाई. मी त्याविषयी कधी विचारले नाही. पुढे त्याला आजार झाला आणि परळच्या रुग्णालयात केमोच्या फेऱ्या सुरू झाल्या. गर्दीत जाण्यास डॉक्टरांनी मनाई केली. मोबाइलवर खेळू लागला तर डोळे दुखत. पत्नी आम्हा दोघांच्याही राहिल्या नव्हत्या. त्या दोन खोल्यांत तो आणि मी. एका दुपारी त्याने विचारले, की तू शिकशील का.

द्यूत हे व्यसन, असे मी शेकडो मुलांना शिकवले होते. पण त्याने पैशांऐवजी चिंचोके काढले, आणि पैसा लावल्यावाचून द्यूत होत नाही असा निर्वाळा मी स्वतःच स्वतःला दिला.

मी शिकलो तो मला ठाऊक असलेल्या एकाच रीतीने. त्याने सांगितलेले चोवीस शब्द वहीत उतरवले आणि पाठांतरासाठी ते अनुष्टुभात बांधले. पहिला श्लोक असा होता:

चेकः स्यान्मौनमासीनः कॉलस्तुल्यसमर्पणम् ।
रेझो वृद्धिः पणस्योक्तः फोल्डः पत्रविसर्जनम् ॥

अर्थ सोपा आहे. आपली पाळी आली आणि आधी कोणी काही लावलेले नसेल, तर काही न लावता गप्प बसून पाळी पुढे देता येते, तो चेक. समोरच्याने जेवढे लावले तेवढेच आपण मध्ये ठेवणे, हा कॉल. त्याहून अधिक लावणे, म्हणजे रेझ. आणि हा डाव आपला नव्हे असे वाटून पाने खाली टाकणे, म्हणजे फोल्ड. मध्ये गेलेले चिंचोके मग परत मिळत नाहीत.

तीन दिवसांत माझे चोवीस शब्द मुखोद्गत झाले. भावाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "पाठ झालं. आता पत्ते पीस."

मी पिसले, वाटले आणि विचारले, "हुकूम कोणता?"

तो इतका हसला की त्याला खोकला आला. पोकरमध्ये हुकूम नसतो. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, सर्वांचा मान सारखा. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती फक्त ज्याची त्याने पाहावयाची. पाने पाहण्याआधीच एकाने एक आणि दुसऱ्याने दोन चिंचोके मध्ये ठेवावे लागतात. न पाहता ठेवलेले ते ब्लाइंड. मध्ये जमलेली रास म्हणजे पॉट. मग मधोमध पाच पाने उघडतात, ती दोघांच्याही मालकीची. पहिली तीन एकदम येतात, त्यांना फ्लॉप म्हणतात. चौथे पान टर्न, पाचवे रिव्हर, आणि प्रत्येक टप्प्यावर लावण्याची पाळी येते. हातातली दोन आणि मधली पाच मिळून सातांपैकी ज्याची पाच पाने उत्तम, त्याचा डाव.

नवशिक्याला पोकरवाले फिश म्हणतात. हे त्याने फार आनंदाने सांगितले. "दादा, आपल्या पंगतीत मासा चालत नाही आणि डावात तूच मासा." मुरलेल्या खेळाडूला शार्क म्हणतात. रेझ करण्याचे धाडस नसलेला माणूस नुसते ब्लाइंडाएवढे चिंचोके ठेवून डावात येतो, त्याला लिम्प म्हणतात, म्हणजे लंगडत येणे. पहिला आठवडा मी लंगडतच होतो. हातात काही नसता मोठा आव आणून रेझ करणे म्हणजे ब्लफ. ते मला कधीच जमले नाही. आणि हातातले पान उघडे पाडणारी लकब, तिला टेल म्हणतात. माझी टेल त्याने चौथ्या दिवशी सांगून टाकली. चांगले पान आले की मी खांद्यावरचे उपरणे सारखे करतो. पुढे पुष्कळ दिवस मी दोन्ही हात चटईवर दाबून बसत असे. तरी हात जाई.

त्याच आठवड्यात माझी एक चूक झाली. त्याच्याकडचे चिंचोके संपत आले होते. माझ्या हातात दोन राजे होते आणि मी ते टाकून दिले. समोर तो बसलेला होता, आणि समोर बसतो तो आपला, ही साठ वर्षांची सवय. मी बावळटपणे सांगूनही टाकले, की दोन राजे होते, पण म्हटले तुला मिळू देत. त्याने पत्ते खाली ठेवले.

"यात भिडू नसतो, दादा. पुन्हा माझ्यासाठी पान टाकलंस तर खेळ बंद."

मी त्याला शब्द दिला. तेव्हा त्याने आणखी एक नियम सांगितला. टाकलेली पाने पालथी राहतात. त्या ढिगाला मक म्हणतात. टाकलेली पाने कोणी उलटून पाहत नाही आणि टाकणाऱ्याला ती दाखव असेही म्हणत नाही. कोणी का सोडले, हे ज्याचे त्याच्यापाशी. हा नियम मला आवडला. वहीत त्याखाली रेघ आहे.

दोन महिने आम्ही रोज दुपारी खेळलो आणि मी त्याला एक चिंचोका फुकट दिला नाही. हरला की तो चिडे. हरल्याच्या रागाने वेडेवाकडे खेळत सुटणे याला टिल्ट म्हणतात, आणि हाती उत्तम पाने असून शेवटच्या पानावर हरणे याला बॅड बीट. हे दोन्ही शब्द त्याने स्वतःच्या उदाहरणाने समजावले. तो चिडला की मला बरे वाटे, कारण चिडण्याइतकी शक्ती त्याच्यात होती.

मग दुसऱ्या फेरीनंतरचा अहवाल आला. भावाला थकवा होता, म्हणून परळला पुतणी आणि मीच गेलो. टोकन घेऊन दोन तास बाकावर बसलो. डॉक्टर तरुण होते आणि सावकाश बोलत होते. औषधाचा उपयोग होत नाही, असे त्यांनी सांगितले. तिसरी फेरी देता येईल; तिने फार तर काही आठवडे वाढतील आणि ते रुग्णालयातच जातील. पुतणीने सर्व ऐकले. बाहेर बस थांब्यावर ती म्हणाली, की बाबांना हे सांगायचे नाही, तिसरी फेरी घ्यायची. मी होकार दिला. त्या वेळी मला दुःख झाले असे आठवत नाही. बस उशिरा आली, हे आठवते.

घरी भावाने विचारले, "काय म्हणाले?" मी म्हणालो, पुढच्या फेरीचा विचार चालला आहे. शब्दाने ते असत्य नव्हते. विद्या अशाही कामी येते. त्याने मान डोलावली आणि चहा मागितला.

तिसऱ्या फेरीसाठी पुढच्या सोमवारी भरती व्हावयाचे होते. त्याआधीच्या शनिवारी दुपारी आम्ही खेळावयास बसलो. गॅलरीत कोणी पापड वाळत घातले होते आणि शेजारचे लहान मूल त्यांवर लक्ष ठेवून होते. मला दोन नव्व्या आल्या. फ्लॉप उघडला: नव्वी, सत्ती, सत्ती. तीन नव्व्या आणि दोन सत्त्या, याला फुल हाउस म्हणतात, आणि असा हात महिनाभरातून एखाद्या वेळी येतो; एकाच आकड्याची चारही पाने असली तर मात्र ती त्याहून वरचढ. टर्नला राजा आला. भावाने आपले सर्व चिंचोके दोन्ही हातांनी मध्ये सारले. सर्वस्व लावणे, त्याला ऑल-इन म्हणतात. मी कॉल करून तो डाव जिंकलो असतो, तर त्याच्यापुढची चटई रिकामी झाली असती.

मी पाहिले, की त्याच्या मनगटावरची सुईची पट्टी सैल झाली होती. मी माझी पाने पालथी टाकली आणि म्हणालो, "फोल्ड."

त्याने रास ओढून घेतली नाही. माझ्या खांद्याकडे पाहत राहिला. उपरणे सारखे केल्याचे मला तेव्हा कळले. मग त्याने हात लांब केला आणि मकातली माझी दोन पाने उलटली.

"नव्व्या," तो म्हणाला. "भरलेलं घर टाकलंस."

"मला वाटलं, तुझ्याकडे चार सत्त्या असतील."

"दादा, तुला ब्लफ येत नाही." त्याने दोन्ही नव्व्या नीट शेजारी शेजारी ठेवल्या. "शब्द मोडलास. तू. म्हणजे तसंच काही असणार. किती दिवस म्हणाले?"

मी सांगितले. डॉक्टरांनी जे जसे सांगितले होते ते तसेच, क्रमाने. माझा आवाज वर्गातल्यासारखा येत होता.  शेवटी तो म्हणाला, की तिसरी फेरी नको, इथेच राहतो, तिला मी सांगेन. मग त्याने पत्ते गोळा केले आणि कॅट माझ्यापुढे सरकवला. पिसण्याची पाळी माझी होती.

संध्याकाळी पुतणी आली. त्याने तिला आत बोलावून दार लोटून घेतले. बाहेर आल्यावर तिने विचारले, "काका, तुम्ही सांगितलंत?" मी म्हणालो, की त्याने पान उलटले. तिला त्या वेळी ते कळले नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसली. थोड्या वेळाने मी तिच्याशेजारी बसलो. चाळीतली माणसे आमच्या बाजूने वाट काढून जात राहिली. सोमवारी आम्ही परळला गेलो नाही. पुतणी दादरहून मऊ भात घेऊन आली आणि रात्रीपर्यंत थांबली.

त्यानंतर पाच आठवडे तो घरीच होता. आम्ही रोज खेळलो आणि मी एकही पान त्याच्यासाठी टाकले नाही. पुष्कळदा तो हरला. एकदा बॅड बीट झाले तेव्हा अंथरुणावरून मला नावे ठेवली. वेदना कमी करणारे औषध दुपारी असे. ते चढण्याआधी दोन-तीन डाव होत. शेवटी शेवटी पाने धरण्याची ताकद उरली नाही, तेव्हा मी डोळे मिटून त्याची पाने त्याच्यापुढे धरत असे.

शेवटच्या दुपारी ब्लाइंड ठेवले, पाने वाटली. त्याने आपली दोन पाहिली, बोटाने खाली करण्याची खूण केली आणि म्हणाला, "फोल्ड." मी ती पालथी ठेवली. त्याला झोप लागली. पहाटे तो गेला.

तेराव्यापर्यंतचे सर्व मंत्र मी स्वतः म्हटले. कुठे अडखळलो नाही. लोक म्हणाले, काय धीर आहे. धीर नव्हता, तोंडाला सवय होती. चौदाव्या दिवशी केर काढताना त्याच्या अंथरुणाजवळची चटई उचलावयास वाकलो. तिच्यावर पालथ्या ठेवलेल्या त्याच्या शेवटच्या दोन पानांना कोणी हात लावलेला नव्हता. वर पेल्याचा ओला गोल उमटून वाळला होता.

ती उलटून पाहणे अवघड नव्हते. त्याने माझी पाहिली होती, तशी मीही पाहू शकत होतो. एक्के असतील आणि त्याने माझ्यासाठी टाकले असतील, किंवा दुर्री-सत्ती असेल आणि खरोखरच काही नसेल.  मी दोन्ही पाने पालथीच उचलली, कॅटात घातली आणि पिसली. पुष्कळ वेळा पिसली. कॅट डब्यात ठेवला आणि डबा देव्हाऱ्याखाली.

परवा पिंडदान झाल्यावर पुतणीच्या मुलांना हा खेळ शिकवावयाचा आहे. चोवीसांतले काही शब्द वर आले, उरलेले खेळताना येतील. मक मात्र त्यांना पहिल्याच दिवशी सांगेन.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरी दुपारच्या वेळी कोणीतरी समोर बसणारे असो. त्याला भूक लागो, झोप येवो, हरल्यावर राग येवो. तुझ्या घरातल्या आजाऱ्याला त्याचे खरे त्याच्या माणसाकडून कळो, आणि त्याने जे टाकले ते पालथे राहू देण्याचे बळ कुलस्वामिनी तुम्हा सर्वांना देवो.