एका श्वासात उघडणारं पान

अन्याय झाला तो माझ्या ताईच्या सासऱ्यांवर, आणि झाला पोळ्यानंतर निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकरा वाजता, लकडगंजातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर. वेळ मुद्दाम लिहून ठेवली आहे. मोर्च्यांची पत्रकं लिहिणाऱ्याला ती सवय लागते. दुसरी गोष्टही आताच सांगून टाकते, म्हणजे उद्या कोणी मला गाठून ऐकवायला नको: अख्ख्या नागपुरात त्यांच्याइतका भित्रा माणूस दुसरा नाही. ताई आमच्याकडच्या रीतीनं सासऱ्यांना मामाजी म्हणते, म्हणून मीही म्हणते. मामाजी लिफ्टला भितात, गॅसच्या सिलिंडरला भितात, काचबंद बसला भितात, आणि पाहुणा मुक्कामाला आला तर त्याच्या मोबाइलच्या चार्जरलाही भितात.

पण त्यांच्या भीतीला एक शिस्त आहे. कोणतीही बंद वस्तू समोर आली की ते एकच विचारतात, "उघडते कुठून?" ताईच्या लग्नात मुहूर्ताला पाच मिनिटं उरली असताना त्यांनी मंगल कार्यालयाच्या मालकाला हाच प्रश्न विचारला. मागचं दार होतं, पण त्याच्यासमोर छतापर्यंत खुर्च्या रचलेल्या. मामाजींनी वरपित्याचा फेटा काढून खुंटीला अडकवला आणि पाहुण्यांकडून एकेक खुर्ची हलवून घेतली. भटजी घड्याळ दाखवत होते. मामाजी म्हणाले, "मुहूर्त दुसराही भेटन महाराज. दार हे एकच आहे." एकदा कुणाच्या तरी नव्या इमारतीत त्यांनी लिफ्टमधली धोक्याची घंटा दाबली, चौकीदार चार मजले धावत आला. मामाजींनी त्याला चहा पाजला, शाबासकी दिली आणि मग स्वतः जिन्यानं वर गेले. मी तेव्हा पोट धरून हसले होते. मोर्च्यात पोलिसांच्या गाडीसमोर उभी राहणारी मुलगी मी, मला ही भीती म्हणजे पोरखेळ वाटायची.

तर या माणसाला पोटापाण्याचं काम मिळालं तेही भीतीचंच. त्यांची कंपनी कापड रंगवण्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर बनवते. मशीन म्हणजे एक मोठं बंद भांडं, आत दाबाखाली उकळतं पाणी आणि रंग. काही बिघडलं की शेजारच्या लहानशा संगणकावर एक आकडा लाल होतो, आणि मदतीचं बटण दाबलं की त्या आकड्याचं पान उघडतं: काय झालं, काय करायचं. ही पानं मामाजी लिहायचे. बुटीबोरीच्या कारखान्यांत काम करणारे दहा मुलखांतून आलेले, म्हणून त्यांनी भांडून भांडून ती चार भाषांत करून घेतली. अर्थात पसारा वाढला, आणि मशीनजवळचे संगणक जुने, त्यांच्यात जागा थोडी. म्हणून पानं दाबून, आकसून ठेवावी लागतात आणि बटण दाबलं की ती उलगडतात. दाबायच्या पद्धती पुष्कळ. कोणती निवडायची, हे मामाजी श्वासावर ठरवायचे. त्यांच्या टेबलावर मशीनजवळ असतो तसाच एक जुनाट संगणक होता. त्याचं नाव म्हातारा. मामाजी छाती भरून श्वास घेत, नाक दाबत आणि बटण मारत. श्वास सोडायच्या आत पान उघडलं तर पद्धत पास. मी विचारलं, "हे काय खूळ आहे?" तर म्हणाले, "माणूस भेला का श्वास धरून ठेवते वं पोरी. तेवढाच टाइम असते त्याच्यापाशी."

जीझिप नावाची जुनी पद्धत अर्ध्या श्वासात पास व्हायची. मग एक नवे साहेब आले आणि त्यांनी नवी पद्धत आणली. ती पानं निम्म्याहून लहान करायची, हे खरं आहे, आणि खरं ते मी लिहिणारच. साहेबांच्या चकचकीत लॅपटॉपवर ती डोळ्याची पापणी लवायच्या आत उलगडायचीही. म्हाताऱ्यावर मात्र मामाजींचा चेहरा जांभळा झाला, कान लाल झाले, आणि पडद्यावर चक्र फिरतच राहिलं. तिसऱ्या श्वासाला पान आलं. त्यातही कहर असा की पान लवकर उघडलं नाही तर काय करावं, ही सूचनासुद्धा त्याच गठ्ठ्यात दाबलेली.

"काका, अर्धी जागा वाचून राहिली," साहेब म्हणाले.

"वाचते ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

"मग? तुमच्या फुप्फुसावर कंपनी चालवायची का आपण?"

"कंपनी कशावरही चालव गा. जे मशीनपाशी उभी राहते, तिच्या फुप्फुसाचं मी बोलून राहिलो."

ती म्हणजे बुटीबोरीत अशाच मशीनवर काम करणारी माझी ताई. साहेबांना हे ठाऊक नव्हतं, आणि मामाजींनी सांगितलंही नाही. त्यांनी मार्गही सुचवला होता: धोक्याची सतरा पानं न दाबता उघडीच ठेवा, बाकीची जुन्या पद्धतीनं दाबा, आणि शोभेचे फोटो काढून टाका. या सतरा पानांना ते 'भीतीची पानं' म्हणायचे. मारबतीच्या मिरवणुकीत लोक त्या भल्यामोठ्या पुतळ्याला रोगराई घेऊन जा म्हणून ओरडतात. मामाजी त्या गर्दीत, पायाखाली चेंगरायच्या भीतीनं एका ओट्यावर चढून, "न उघडणारी पानं घेऊन जा गे मारबत" असं ओरडले. मारबतीनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेअकराला म्हातारा भंगारात गेला आणि मामाजींना खाली कुरियरच्या टेबलावर बसवलं. फोटो पानांत राहिले.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, मी त्या टेबलासमोरच बसले होते. मामाजी आलेलं प्रत्येक पाकीट कानाशी हलवून मग नोंदवत होते. फोन ताईचा. मला आवाज ऐकू येत होता, कारण ताई ओरडत होती आणि तिच्यामागे काहीतरी एकसारखं शिट्टी मारत होतं. आकडा लाल झाला होता. सुपरवायझर पान उघडायची वाट पाहत होता, आणि पान वाचल्याशिवाय मशीन सोडायचं नाही असा तिथला नियम, म्हणून ताईसकट चौघी भांड्याला लागून उभ्या.

"पान उघडलं का?"

"फिरूनच राहिलं मामाजी."

"किती श्वास झाले?"

"मोजले नाही."

"मग सोड ते. सगळ्यायले घे अन् बाहेर निघ. पहिली ओळ तेच आहे पोरी, मीच लिहिली. आधी दूर व्हा."

"सुपरवायझर नाही म्हणून राहिला."

"त्याले हाताले धरून ओढ."

फोन बंद झाला. मामाजी तो कानाला लावून तसेच बसले. त्यांचा चेहरा जांभळा होऊ लागला तेव्हा मला कळलं, आणि मी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. "श्वास घ्या मामाजी." त्यांनी घेतला आणि पुन्हा धरला. मीही नकळत त्यांचे श्वास मोजू लागले. वीस मिनिटांनी ताईचा फोन आला. झाकणाचं रबर सुटलं होतं आणि त्या जिथं उभ्या होत्या तिथंच उकळता रंग उसळला होता. सगळे वाचले; दाराबाहेर पडताना ताई सगळ्यांच्या मागे होती. तिची ओढणी अर्धी निळी झाली आहे. ती मी धुऊ दिलेली नाही.

परवानगीशिवाय मशीन सोडल्याची नोटीस ताईला मिळाली. पानं अजून त्याच पद्धतीनं दाबलेली आहेत. नवे संगणक येणार आहेत, असं सांगतात. ताई त्याच मशीनवर आहे, आणि फोन वाजला की मी पहिल्या घंटेलाच उचलते.

मामाजी आता रोज संध्याकाळी जरीपटक्यातल्या घराच्या फाटकाशी उभे असतात. कोपऱ्यावर कारखान्याच्या बसचा हॉर्न वाजला की छाती भरून श्वास घेतात आणि ताई वळणावर दिसेपर्यंत धरून ठेवतात. पूर्वी एका श्वासात व्हायचं. परवा मी बाजूला उभी होते, तर मध्येच त्यांचा श्वास सुटला. मी पाहिलं म्हणून ते ओशाळले आणि म्हणाले, "बस दूर थांबून राहिली वं आजकाल." बस तिथंच थांबते.

मी त्यांना आता हसत नाही. तुम्हीही हसून हे मिटवून ठेवू नका. उद्या कामावर जाल तेव्हा, काही बिघडलेलं नसताना, छाती भरून श्वास घ्या, नाक दाबा आणि तुमच्या मशीनवरचं मदतीचं बटण दाबा. श्वास सुटायच्या आत पान उघडलं नाही, तर ते उघडेपर्यंत मशीन चालू करू नका, आणि शेजारच्यालाही करू देऊ नका.