बाबा मरळ का खात नाहीत

परवाच्या शनिवारी बाबांना घेऊन मासे बघायला गेलो... खायला नव्हे, नुसते बघायला. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घोळ तिथेच झाला.

बाबा सांगलीजवळच्या आमच्या गावाहून इकडे टेक्सासमध्ये, शुगर लँडला आले, त्याला तीन आठवडे झाले. आई गेल्यानंतरची ही पहिलीच खेप, सहा महिन्यांची. पण पंधराव्या दिवसापासूनच "तिकीट अलीकडचं करून मिळतंय का बघ" सुरू झालं. मी आपली "बघते" म्हणून टाळतेय... खरं सांगू? ते ऐकलं की मला रडूच येतं.

त्यांचा तरी काय दोष? आम्ही दिवसभर ऑफिसात, बाहेर पाय मोकळे करावेत तर उकाडा. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीशी, ईराशी गप्पा म्हणजे "जेवलीस का?" आणि "येस, आजोबा." संपलं.

तर साडेतीन तास ड्राइव्ह करून ॲक्वेरियमला पोचलो. शार्क नाही, डॉल्फिन नाही, सगळे नद्यांमधले मासे. ईराचं तोंड एवढंसं झालं. बाबा मात्र पहिल्याच टाकीपाशी थबकले.

आणि सुरू झाले. "यात काटे फार." "हा तळून चांगला लागेल." मगरीसारख्या तोंडाचा, माणसापेक्षा लांब असा 'ॲलिगेटर गार' नावाचा एक मासा होता, त्याला बघून म्हणाले, "हा काही विळीवर मावायचा नाही!"

"आजोबा, दे आर नॉट फूड!" ईरा कळवळली. मी इकडेतिकडे बघून घेतलं... मराठी कळणारं कुणी नव्हतं, नशीब माझं.

मग कॅटफिशची टाकी आली. सिमेंटच्या पोकळ ओंडक्यात एक मिशाळ धूड शेपटी हलवत पडलं होतं. लोक दोन सेकंद बघून पुढे जात होते. बाबा चक्क गुडघ्यावर बसले.

"नर आहे. अंडी राखतोय, शेपटीनं वारा घालतोय बघ," ते म्हणाले. मला खरं वाटेना. ईरा मात्र पळत जाऊन तिथल्या व्हॉलंटियर आजोबांना घेऊन आली. त्यांनी टॉर्च मारून आत पाहिलं.

अंडी नव्हती. गडी नुसता आराम करत होता! बाबा ओशाळले. पण ते गृहस्थ म्हणाले, यांचे नर खरोखरच असं करतात, तुम्हाला कसं माहीत?

बाबा ईराकडे वळले. मी भाषांतराला पुढे होणार, तोच तिनं हातानं मला थांबवलं.

मग बाबांनी सांगितलं... लहानपणी ते नदीच्या डोहावर पडीक असायचे. मरळीचा नर पिल्लांचा लालसर पुंजका राखत फिरायचा. एकदा त्यांनी तोच नर गळानं पकडून मिरवत घरी नेला. संध्याकाळी डोहावर गेले, तर दुसऱ्या माशांनी पिल्लं फस्त केलेली. एकही उरलं नव्हतं. "तेव्हापासून मरळ नाही खाल्ली."

ईरा अडखळत एकेक वाक्य त्या गृहस्थांना इंग्लिशमध्ये सांगत होती. 'पुंजका' आला तेव्हा तिनं ओंजळ करून दाखवली. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज बारीक झाला.

आणि मी? आमच्या घरी मरळ कधीच शिजली नाही. मला आजवर वाटायचं, आईला आवडत नसेल. तालुक्याच्या कचेरीत फायलींत मान घालून बसलेले बाबा मला पाठ होते... डोहावरचा हा मुलगा मला कधी भेटलाच नव्हता. मी विचारलंच नव्हतं.

नंतर दोन तास दोघं टाकी-टाकीपाशी उभे. "आजोबा, याचे बाबा पण बेबीज राखतात?" "मरळ कुठे बघायला मिळते?" ईराचे प्रश्न संपेनात. तळण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

येताना गाडीत ईरा झोपली. बाबा हळूच म्हणाले, "त्या तिकिटाचं बघितलंस का गं?" एवढं करून शेवटी तेच...

"हिच्या शाळेला सुट्टी लागली की लगेचचं बघ. पाऊस लागून नदीला पाणी चढायच्या आत डोहावर पोचायला हवं. दोघांचं काढ."

काल रात्रीपासून तिकिटं शोधतेय... तीन. मलाही तो डोह बघायचाय.