न बघितलेली बरणी

मला एका जागी बसवत नाही. ही गेल्यापासून तर अजिबातच नाही. चहाचं आधण ठेवतो, उकळायच्या आत अंगणात जाऊन येतो, तोवर अर्धं आटलेलं असतं. लोक म्हणतात, भजनाला येत जा. गेलो होतो. माझा गुडघा हलत राहतो, शेजारच्या टाळवाल्याचं लक्ष माझ्या गुडघ्यावर आणि त्याचा ताल चुकतो. मग उठून आलो. आता लिहायला बसलोय. चौथी शिकलेला माणूस आहे, सांभाळून घ्या. पण हे एकदा कुठंतरी ठेवलं पाहिजे. जिला सांगायचं होतं तिला सांगितलं नाही.

मी दुबईकडं मिस्त्री होतो. दुबई म्हणायचं, पण आमचा कॅम्प शारजाच्या बाहेर, अल धैदच्या रस्त्याला, वाळूच्या टेकड्यांत. तिथं पाहुण्यांना क्वाड चालवायला द्यायचे. क्वाड म्हणजे चार जाड टायरांची मोटरसायकल, वाळूत पळते. अशा बारा होत्या. त्या बाराही माझ्या अंगावर. मी गावाकडं राजदूत आणि लुना दुरुस्त करायचो, तेवढ्या शिदोरीवर गेलो आणि टिकलो.

तिकडं थंडी पडते असं सांगितलं की गावात हसायचे. "मिस्त्री, वाळवंटात कसली थंडी?" अरे बाबांनो, जानेवारीत पहाटे वाळूवर अनवाणी पाय ठेवून बघा, टाच बधिर होते. दव तर असं पडायचं की क्वाडची सीट पिळून घ्यावी. दिवसा ऊन, पहाटे गारठा, त्यामुळं अर्ध्या भरलेल्या टाकीच्या आत घाम धरायचा, जसा भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला धरतो. ते पाणी पेट्रोलच्या तळाला जाऊन बसतं, तिथून कार्ब्युरेटरच्या वाटीत उतरतं, आणि सकाळी गाडी नुसती खोकते.

त्याच्यावर औषध मिळायचं. पेट्रोलमध्ये घालायचं औषध, पत्र्याच्या डब्यात, स्पिरिटसारखा वास. ते पाण्याला पेट्रोलमध्ये मिसळून घेतं आणि इंजिनातून जाळून टाकतं. शारजात एक रत्नागिरीचा भाई होता, गाड्यांचे सुटे भाग विकायचा, तो आणून द्यायचा. डब्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. त्यानंच वाचून सांगितलं होतं, "मिस्त्री, एका ड्रमला अर्धा डबा. जास्त नाय. आणि पाणी थोडं असंल तरच ह्याचा उपयोग."

थोडं आहे का जास्त, हे बघायला माझी बरणी होती. काचेची. हिनं त्यातून लिंबाचं लोणचं पाठवलेलं. लोणचं पठाणानं आणि मी दोन महिन्यांत संपवलं, बरणी धुऊन ठेवली. पठाण म्हणजे माझा जोडीदार. क्वाड धुणं, टायरात हवा बघणं, पाहुण्यांना वाळूतून ओढून काढणं ही त्याची कामं. पेट्रोल आम्ही मोठ्या लोखंडी ड्रममध्ये ठेवायचो, हातपंपानं टाक्यांत भरायचो. भरायच्या आधी तळातलं पेट्रोल बरणीत काढायचं, बरणी पाटावर ठेवायची आणि एक विडी होईल इतका वेळ थांबायचं. विडी ओढायला लांब जायचं, हे सांगायला नको. परत येऊन बघायचं. पाणी असलं तर खाली वेगळं दिसतं. बोटभर दिसलं तर ड्रम रिकामा करायचा, रेघ दिसली तर औषध घालायचं. हे माझं मीच बसवलेलं. पठाण चिडवायचा, "उस्ताद, पेट्रोल पीएगा क्या?"

आता त्या गुरुवारचं सांगतो.

हिच्या डाव्या डोळ्यापुढं आधी काळ्या माश्या दिसायला लागल्या, मग एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं व्हायला लागलं. तिच्या भावानं तिला मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाला, आतला पडदा सुटलाय, ऑपरेशन लगेच करायला पाहिजे. ही काय म्हणाली? "मालक आल्याबिगर मी टेबलावर चढायची न्हाई." भावानं हात जोडले, डॉक्टर ओरडला. ही पिशवी उचलून गावी परत. तशीच होती. एकदा न्हाई म्हणली की बैल लावले तरी हलायची नाही.

हे मला कळलं भाईकडून. भाई शारजातल्या अल मजाज भागात बायकापोरांबरोबर राहायचा, त्याच्या घरी फोन होता आणि आमच्या घरचे निरोप तिथंच यायचे. त्याचा पोरगा इंग्रजीतच बोलायचा, त्यामुळं माझा मेहुणा दोनदा घाबरून फोन ठेवून बसला होता. तिसऱ्यांदा भाई भेटला. गुरुवारी दुपारी तो औषधाचा डबा आणि तो निरोप, दोन्ही बरोबरच घेऊन आला.

मी तसाच अरबाबकडं गेलो. अरबाब म्हणजे आमचा मालक, तिथलाच अरब. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात. मी सांगितलं, घरवाली बीमार है, आँख का ऑपरेशन है. तो माणूस वाईट नव्हता, हे मी आज लिहून ठेवतो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हबीबी, कल जुम्मा. सुबह बड़ा ग्रुप है, बारह के बारह चाहिए. ग्रुप गया, खलास, पासपोर्ट लो, टिकट लो, जाओ." उद्या म्हणजे अर्ध्या दिवसाचा प्रश्न. शनिवारी मी मुंबईत, रविवारी मिरजेला. मी हिशेब लावून टाकला.

तिथून पाय जे सुटले ते थांबेनात. सामान बांधलं, सोडलं, परत बांधलं. हिच्यासाठी एक शाल घेतली होती ती सापडेना, मग ती अंगावरच निघाली. संध्याकाळ व्हायला आली. टाक्या भरायच्या होत्या. दोन आठवडे ड्रम बाहेर होता, वर धुकं पडत होतं, मधे एकदा पाऊसही झाला होता आणि त्याचं झाकण सैल होतं. हे मला ठाऊक होतं. मी भाईचा डबा फोडला आणि ड्रममध्ये अख्खा ओतला. अर्धा नाही, अख्खा. म्हटलं, उद्या एकही गाडी अडायला नको. दुप्पट औषध म्हणजे दुप्पट खात्री. ताप आला की आम्ही गोळीसुद्धा एकाच्या जागी दोन खाणारी माणसं.

पठाण पंप हातात धरून उभा. "उस्ताद, शीशी?"

बरणी पाटावरच होती. त्याच्याकडं न बघता मी म्हणालो, "यल्ला यल्ला, भर. टाइम नहीं."

"एक बीड़ी का टाइम भी नहीं?"

"तुझे जाना है कि मुझे? भर!"

त्यानं भरल्या. मी एकेक चालू करून बघितली, मिनिटभर चालवली, बंद केली. बाराही चालल्या. का नाही चालणार? वाटीत आणि नळीत आधीचं पेट्रोल होतं. नवं अजून खाली उतरलंच नव्हतं. हे एरवी मी झोपेत सांगितलं असतं.

शुक्रवारी पहाटे धुकं इतकं की तंबूतून क्वाड दिसेना. पाहुणे आले, पंधरा-वीस माणसं, कानटोप्या घातलेली, हातात चहाचे कप. अरबाब पांढऱ्या झग्यावर जाकीट घालून, डोक्याचं फडकं कानाला गुंडाळून उभा. मी पहिली क्वाड चालू केली. घुर्र झालं, खोकली, बंद पडली. दुसरी, तसंच. चौथीपर्यंत माझ्या पाठीला घाम फुटला, त्या थंडीत. वाटीचा स्क्रू सैल केला. बोटांवर जे आलं ते पेट्रोल नव्हतं. ताकाच्या निवळीसारखं काहीतरी.

पठाण बरणी घेऊन आला, ड्रमच्या तळातनं भरली आणि माझ्यापुढं धरली. खालचा अर्धा भाग गढूळ, वर पेट्रोल. ड्रममध्ये पाणी थोडं नव्हतंच, बादलीभर होतं. इतकं पाणी असलं की औषध त्याला वर काढत नाही, त्याच्याबरोबर तळाला जातं. बुडणाऱ्याला काढायला गेलेला जसा त्याच्याच मिठीत बुडतो. आणि आमच्या पंपाची नळी तळाला टेकलेली. बाराही टाक्यांत मी माझ्या हातानं, माझ्या हुकमानं पाणी भरलं होतं.

नऊपर्यंत तीन चालू केल्या. पाहुण्यांतला एक पोट सुटलेला गृहस्थ म्हणाला, "मिस्त्रीजी, इससे अच्छा ऊँट मँगवा लो." सगळे हसले. मी पण हसलो. दहाला ते निघून गेले, पुढच्या शुक्रवारी येतो म्हणून.

अरबाबनं विचारलं, "पेट्रोल में क्या हुआ?"

माझ्या तोंडातून निघालं, "पंपवाले ने खराब दिया, अरबाब."

पठाण वाळूकडं बघत होता. अरबाबनं एक मोठा श्वास सोडला. "ठीक है. सब खोलो, साफ़ करो. अगला जुम्मा ग्रुप आएगा, फिर जाओ. दूसरा मिस्त्री मैं किधर से लाऊँ?"

त्याचंही खरंच होतं. बारा कार्ब्युरेटर, बारा टाक्या, नळ्या, ड्रम. दुसरं कोण करणार होतं? पण मी तेव्हाच म्हणालो असतो की चूक माझी, आणि तिकडं पडदा सुटलाय, आठ दिवस थांबत नाही, तर? सोडलं असतं का नसतं, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. खोटं बोललेल्या माणसाला मागायला तोंड राहत नाही.

संध्याकाळी भाईच्या गाडीतून रस्त्यावरच्या फोनपर्यंत गेलो. गावातल्या फोनवाल्यानं हिला बोलावून आणलं.

"अगं, मी नसलो तरी ऑपरेशन करून घे."

"कधी येताय?"

"आठ दिवसांनी. अरबाब सोडत न्हाई."

"मेला तो अरबाब! त्याच्या बायकोचा डोळा असता म्हंजी कळलं असतं. या तुम्ही. थांबते मी."

"अगं थांबू नको, डॉक्टर काय म्हणला..."

"थांबते म्हणलं न्हवं?" आणि फोनचं कार्ड संपलं.

आठ दिवस मी पंधरा-पंधरा तास काम केलं. पठाण बरोबर होता. एकदाच, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ करताना, म्हणाला, "उस्ताद, एक बीड़ी." मी बोल्ट उचलून तंबूवर फेकला. पुढच्या शुक्रवारी बाराही गाड्या पहिल्या झटक्याला चालू झाल्या. अरबाबनं स्वतः मला विमानतळावर सोडलं आणि हिच्यासाठी खजुराचा डबा दिला.

ऑपरेशन झालं. डोळा गेला. उजेड-अंधार तेवढा कळायचा. मी डॉक्टरला बाहेर गाठून विचारलं, "आठ दिवस आधी आणलं असतं तर?" तो हात धूत होता. म्हणाला, "सांगता येत नाही. पण लवकर आणायला हवं होतं." पहिलं वाक्य मी लोकांना सांगतो. दुसरं माझ्यापाशी राहिलं.

तो खजुराचा डबा हिनं उघडला नाही. "त्याचा खजूर माझ्या नरड्याखाली उतरायचा न्हाई," म्हणाली, आणि म्हशीला घातला. मी बघत उभा होतो.

पुढं पाच-सहा वर्षांनी मी तिकडचं कायमचं सोडून आलो. एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही, हे मला तेव्हा घरात राहिल्यावर कळलं. चहा ओतताना हिची धार कपाच्या बाजूला पडायची. मी बोलायचो नाही, कप सरकवून धारेखाली न्यायचो. तिला वाटायचं, तिचा नेम सुधारला. सुई ओवायला बोलवायची. दर वेळी सुई हातात देताना म्हणायची, "तुमच्या अरबाबाच्या नावानं." मी ओवून द्यायचो. तोंडाशी यायचं आणि गिळायचो. एवढी वर्षं गेली, आता सांगून काय, असं म्हणायचो. खरं म्हणजे तिच्या शिव्या अरबाबला पचत होत्या, मला पचल्या नसत्या.

शेवटच्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. एका सकाळी मी तिचे पाय चोळत होतो. म्हणाली, "अहो, तो अरबाब हाय का मेला?"

"काय माहीत. का?"

"लई शिव्या दिल्या मी त्याला. त्याला काय ठावं, आपल्या घरात काय चाललंय ते. जाऊ द्या. त्याचं काय वाईट न्हाई माझ्या मनात."

मी म्हणालो, "अगं, ऐक."

"काय?"

ती एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होती. माझे हात तिच्या पायावर तसेच थांबले. मग मी म्हणालो, "चहा ठेवू?"

"ठेवा," म्हणाली. "आल्याचा."

त्याच पंधरवड्यात ती गेली.

बरणी मी येताना आणली होती. ती माळ्यावर आहे, धुतली तरी थोडा पेट्रोलचा वास येतोच. परवा सून म्हणाली, "मामा, लिंबं आलीत, ती बरणी द्या, लोणचं घालते." मी तिच्या अंगावर ओरडलो. पोर बिचारी लिंबं उचलून आत गेली. तिला काय कारण सांगणार? म्हणून हे लिहिलं. आज संध्याकाळी तिलाच वाचायला देणार आहे. तिनं वाचलं की तिच्या सासूनं कुणाच्या वाटच्या शिव्या कुणाला दिल्या ते घरात एका माणसाला तरी ठाऊक होईल.